तोट्यात मालक, नफ्यात पुरवठादार



उसाच्या भावावर आपण दर हंगामाला भांडतो. पहिली उचल किती, दुसरा हप्ता कधी, दिवाळीला काही मिळणार की नाही, यावर रस्ते अडतात, ऊसतोडी बंद पडतात. ते भांडण खरे आहे आणि ते चालूच राहणार. पण त्याच्या आड आणखी एक भांडण दबून राहिले आहे. कारखाना कुणाच्या पैशावर उभा राहिला, आणि त्या पैशातून जी मालमत्ता झाली, जो नफा निघतो, त्यावर नाव कुणाचे? भावाचे भांडण एका हंगामाचे. हे तीन पिढ्यांचे आहे.

आज महाराष्ट्रातले जवळपास निम्मे साखर कारखाने खासगी आहेत. त्यातले काही पहिल्यापासून खासगी. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने स्वतःच्या खिशातून पैसा घातला, बुडण्याची जोखीम घेतली, त्याने नफा कमवावा. आपण शेतकरीसुद्धा बियाणे मातीत टाकून हाच जुगार खेळतो. पण उरलेल्यांतले कितीतरी असे आहेत की कालपर्यंत दारावर ‘सहकारी’ पाटी होती, कर्ज थकले, बँकेने ताबा घेतला, लिलाव झाला आणि पाटी बदलली. चिमणी तीच, काटा तोच, शिवारही तेच. ज्याच्या बापाने शेअर घेतला होता तो आता गेटवर नुसता ऊस घालणारा. बैठकीत लोक विचारतात, ‘आमचा कारखाना होता ना, मग आम्हाला न विचारता विकला कसा?’ या प्रश्नाला भाषण देऊन भागणार नाही. हिशोब मांडावा लागेल.

कुणाचा पैसा?

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला, लोणीत उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. त्या काळात शेतकऱ्याने शेअरसाठी काढलेला पैसा म्हणजे घरातले दागिने, बैल, नाहीतर सावकाराचे कर्ज. हे विसरून चालणार नाही.

पुढे नवे कारखाने काढण्याची पद्धतच ठरून गेली. प्रकल्पाच्या किमतीचे १० टक्के सभासदांनी आणायचे, ३० टक्के शासनाने भागभांडवल म्हणून घालायचे, उरलेले ६० टक्के कर्ज, आणि त्या कर्जाला पुन्हा शासनाची हमी. म्हणजे शंभरातले दहा शेतकऱ्याचे आणि उरलेल्या नव्वदाची जोखीम या ना त्या वाटेने सरकारच्या डोक्यावर. सरकारच्या डोक्यावर म्हणजे कुणाच्या? काडेपेटीपासून डिझेलपर्यंत कर भरणाऱ्या प्रत्येकाच्या. त्यात ऊस कधी न पाहिलेला जतचा ज्वारीवाला आहे आणि यवतमाळचा कापूसवालाही आहे. त्याच्याकडे मी पुढे येतोच.

पण शेतकऱ्याचे दहा टक्के ही फक्त सुरुवात होती. खरा पैसा पुढच्या वीस-तीस वर्षांत बिलातून कापला गेला. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, ऊस विकास निधी, शिक्षणाचा निधी, कुठे देवस्थानाचा, कुठे विस्तारवाढीचा. वर्षा-वर्षाला नाव बदलत गेले, कात्री तीच राहिली. ‘बिनपरतीची ठेव’ हा शब्दच बघा. परत न करण्याच्या बोलीवर ठेवलेली ठेव! मराठीत याला देणगी म्हणतात. देणगी मागून घेतात, ही बिलातून परस्पर कापून घेतली.

एक साधा हिशोब करू. समजा, दोन एकर उसाचा शेतकरी वर्षाला ८० टन ऊस घालतो आणि टनामागे फक्त २५ रुपये कापले जातात. वर्षाचे झाले २,००० रुपये. वीस वर्षांत ४०,०००. हेच पैसे त्याने दरवर्षी हंगामाच्या अखेरीस द.सा.द.शे. १० टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर विसाव्या वर्षी १ लाख १४ हजारांच्या वर गेले असते. असे १५,००० सभासद धरा. व्याज सोडून द्या, नुसते मुद्दल ६० कोटी रुपये होते. विस्तारवाढीच्या वेळी बँकेने कर्ज दिले, त्याच्या कितीतरी आधी हा पैसा कारखान्यात येऊन पडलेला होता. बँकेच्या कर्जाला तारण होते, गहाणखत होते, हमी होती. शेतकऱ्याच्या पैशाला पावतीसुद्धा धड नव्हती.

आणखी एक पैसा आहे, तो आपल्या लक्षातच येत नाही. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आपल्यापैकी किती जणांनी या व्याजाचा रुपया पाहिला? हात वर करा म्हटले तर सभागृहात हात दिसत नाहीत. उशिरा दिलेले प्रत्येक बिल म्हणजे शेतकऱ्याने कारखान्याला दिलेले बिनव्याजी खेळते भांडवल. कारखाना बँकेकडून उचलतो तेव्हा त्याला व्याज पडते, आपल्याकडून उचलतो तेव्हा पडत नाही. मग तो आधी कुणाचे देणे थकवील हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

यात साखर विकास निधीही धरा. १९८२ च्या कायद्याने प्रत्येक क्विंटल साखरेवर उपकर बसवला. त्यातून कारखान्यांना आधुनिकीकरणाला, ऊस विकासाला, पुढे वीजनिर्मितीला आणि इथेनॉलला स्वस्त व्याजाची कर्जे मिळाली. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला. तोवर पस्तीस वर्षे साखर खाणाऱ्याने आणि ऊस पिकवणाऱ्याने मिळून तो भरला. त्यातून बसलेला टर्बाइन आज कुणाच्या ताळेबंदात आहे?

करवाल्यांच्या लेखी मालक, लिलावात कुणीच नाही

आता एक गंमत सांगतो. गंमत म्हणजे ज्याची जळते त्यालाच कळते अशी.

१९७४ मध्ये भार्गव सूत्र ऊस नियंत्रण आदेशात आले. कलम पाच-अ. किमान भावाच्या वर कारखान्याला जे जास्तीचे उत्पन्न होईल, त्यातला निम्मा वाटा ऊस घालणाऱ्याचा. म्हणजे नफ्यात शेतकऱ्याचा वाटा आहे हे सरकारने कायद्याने मान्य केले होते. सहकारी कारखान्यांनी हंगाम संपल्यावर किमान भावापेक्षा जास्त दर दिला. तेव्हा आयकर खाते पुढे आले. त्यांचे म्हणणे असे की, किमान भावापर्यंतचा पैसा हा उसाची किंमत, पण वरचा पैसा हा सभासदांनी आपसात वाटून घेतलेला नफा. तुम्ही मालक आहात, मालकाने नफा उचलला, म्हणून त्यावर कर भरा. वर्षानुवर्षे नोटिसा आल्या, अपिले झाली. ५ मार्च २०१९ ला तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की या जादा दरात नफ्याचा भाग असेल तेवढा खर्च म्हणून वजा होणार नाही, आणि तो भाग किती हे ठरवायला प्रकरणे परत पाठवली. केंद्राने २०१५ च्या वित्त कायद्यात पुढच्या वर्षांसाठी दुरुस्ती केली होती. मागच्या वर्षांची सवलत २०२३ च्या अर्थसंकल्पात मिळाली. सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा असा आकडा अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगितला.

दिलासा मिळाला, चांगले झाले. पण या चाळीस वर्षांच्या वादातला मुद्दा डोक्यात ठेवा. कर घ्यायचा होता तेव्हा सरकारच्याच खात्याने लिहून दिले की ऊस घालणारा सभासद हा कारखान्याचा मालक आहे आणि जादा दर हा त्याच्या मालकीचा नफा आहे.

आता हाच मालक लिलावाच्या दिवशी कुठे उभा असतो ते पाहा. कर्ज थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक कारखाना ताब्यात घेते आणि विकते. आलेल्या पैशातून आधी तारण असलेले कर्ज. कामगारांची देणी. उसाच्या बिलाची थकबाकी असेल तर महसुली थकबाकीप्रमाणे वसुलीचा दाखला काढता येतो, तोही साखर आयुक्तांच्या दारात बसल्यावर. आणि बिनपरतीची ठेव? तिला तारण नाही, ती देणे म्हणूनही धरली जात नाही. शेअरची तर गोष्टच वेगळी. सहकारी शेअरची किंमत कारखान्याच्या मालमत्तेबरोबर वाढत नाही. बापाने दर्शनी किमतीला घेतलेला भाग पोराच्या हातात दर्शनी किमतीचाच राहतो, मग कारखान्याच्या शंभर एकर जमिनीशेजारून महामार्ग का जाईना. त्या जमिनीची वाढलेली किंमत सहकारात कुणाच्याच नावावर नसते. आणि जे कुणाच्याच नावावर नाही ते लिलावात पहिल्यांदा कुणाच्या तरी नावावर होते. खरेदीदाराच्या.

राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०११ मध्ये बरखास्त झाले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितले. कोण दोषी, कोण निर्दोष हे न्यायालय बघेल. मला त्यात आज पडायचे नाही, कारण व्यक्तींच्या मागे लागलो की मूळ मुद्दा सुटतो. समजा, प्रत्येक लिलाव अगदी सोवळ्यात, कायद्याप्रमाणे, पुऱ्या किमतीला झाला. तरीही शेतकऱ्याच्या कापलेल्या पैशाची रांगेत जागा कुठे? कुठेच नाही. दोष माणसांत असेल तो वेगळा, हा दोष कायद्यात आहे.

उताऱ्याची सरकती पायरी

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. या विषयावर मला जरा जास्त बोलू द्या, कारण हा भाग पेपरात येत नाही.

उसात साखर कारखान्यात तयार होत नाही, ती शेतात तयार होते. कारखाना ती फक्त काढतो. एका टनातून किती निघते त्याला उतारा म्हणतात. महाराष्ट्राचा उतारा चांगला, कोल्हापूर-सांगलीचा तर देशात वरच्या रांगेतला. त्याची कारणे हवामान, जमीन, ताजी तोड, आणि वाण. को ८६०३२ हे वाण सरकारी पैशाने चालणाऱ्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात तयार झाले. ते केंद्र १९१२ पासूनचे. आपल्याकडे पाडेगावच्या संशोधन केंद्राने ते पारखले आणि निरा नावाने शेतकऱ्याच्या बांधावर आणले. पगार विद्यापीठाचा, जमीन विद्यापीठाची, पैसा जनतेचा. एवढे वाण पसरले की आजही उसाच्या शिवारात उभे राहून पाहिले तर निम्म्याहून जास्त तेच दिसावे. (पाडेगावच्याच फुले २६५ ला मात्र सुरुवातीला काही कारखाने नोंद द्यायला तयार नव्हते. टनेज शेतकऱ्याला भरपूर, चोपण जमिनीतही येते, पण लवकर तोडला तर उतारा कमी. कुणाच्या फायद्याचे वाण चालते हे त्यावरून कळते.)

तर वाणामुळे उतारा वाढला. याचा लाभ कुणाला मिळायला हवा? थोडा संशोधनाला, थोडा कारखान्याला, मोठा वाटा शेतकऱ्याला, असे कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात काय झाले? २००९ पासून किमान भावाच्या जागी एफआरपी आली आणि भार्गव सूत्राचा नफ्यातला वाटा गेला. एफआरपी एका पायाभूत उताऱ्याला बांधलेली असते. त्याच्यावर प्रत्येक दशांश टक्क्याला थोडे जास्त पैसे. २००९-१० ला हा पाया ९.५ टक्के होता. २०१८-१९ ला तो १० केला. २०२२-२३ ला १०.२५.

आता पेन्सिल काढा. २०१७-१८ ला एफआरपी क्विंटलला २५५ रुपये, पाया ९.५, वरच्या प्रत्येक दशांशाला २ रुपये ६८ पैसे. म्हणजे १० टक्के उताऱ्याच्या उसाला २६८ रुपये ४० पैसे मिळतच होते. २०१८-१९ ला एफआरपी २७५ झाली. वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले, टनाला २०० रुपयांची वाढ! पण आता पाया १० टक्क्यांवर गेलेला. त्याच उताऱ्याच्या उसाला खरी वाढ क्विंटलला ६ रुपये ६० पैसे, टनाला ६६ रुपये. उरलेले १३४ रुपये आधीच आपले होते, ते नव्या कागदात गुंडाळून आपल्यालाच भेट दिले. २०२२-२३ ला पुन्हा तेच. आदल्या वर्षी १० टक्क्यांना २९० आणि दशांशाला २ रुपये ९०, म्हणजे १०.२५ टक्क्यांना २९७ रुपये २५ पैसे. नवा दर १०.२५ ला ३०५. मथळा टनाला १५० रुपयांचा, खरी वाढ साडेसत्त्याहत्तर रुपयांची.

दरवर्षी पाया सरकवतात असे नाही. पण दोन वेळा सरकला तो शेतकऱ्याच्या दिशेने नव्हे. सरकारी संशोधनाने आणि शेतकऱ्याच्या घामाने वाढलेला उतारा हळूच हिशोबातून खाली उतरवला गेला. विद्यापीठात एखादा संशोधक बारा-पंधरा वर्षे एका वाणामागे घालवतो. त्याने वाढवलेला अर्धा टक्का दिल्लीत एका अधिसूचनेने कुठल्या बाजूला जातो हे त्याला तरी कुणी सांगते का?

मळीचा भाव कोण लावतो?

इथेनॉलमध्ये तर सार्वजनिक पैसा डोळ्यांनी दिसतो. २०१८ मध्ये केंद्राने योजना काढली. डिस्टिलरी उभारायला किंवा वाढवायला जे कर्ज घेतले जाईल, त्याच्या व्याजातले ६ टक्के किंवा निम्मे, यांपैकी कमी असेल ते, पाच वर्षे केंद्र भरणार. माल घेणाऱ्या सरकारी तेल कंपन्या. भाव ठरवणार सरकार. २०२२-२३ ला साध्या मळीच्या इथेनॉलला लिटरला ४९ रुपये ४१ पैसे, बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे, उसाच्या रसापासून केलेल्याला ६५ रुपये ६१ पैसे. कर्जाचे व्याज सरकारचे, गिऱ्हाईक सरकारचे, भाव सरकारचा. असा धंदा आपल्या कापूसवाल्याला, तूरवाल्याला कुणी स्वप्नात तरी दाखवला का?

धोरण चुकले असे मी म्हणत नाही. साखरेचे पोते गोदामात सडण्यापेक्षा इथेनॉल बरे, हे आपली चळवळ सरकारच्या आधीपासून सांगत आली. प्रश्न वाट्याचा आहे. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सांगितले की साखर, मळी, बगॅस, प्रेसमड यांच्या उत्पन्नातले ७० टक्के शेतकऱ्याचे, फक्त साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दराचा कायदा केला, ऊस नियंत्रण मंडळ नेमले. ऐकायला छान. पण यात मळी धरली आहे, मळीपासून झालेले इथेनॉल नाही. मळी बाहेर विकली तर बाजाराचा भाव कळतो. स्वतःच्याच डिस्टिलरीला घातली तर? विकणारा तोच, घेणारा तोच, भाव लावणारा तोच. डाव्या हाताने उजव्या हाताला स्वस्तात माल दिला की सत्तर टक्क्यांतला वाटा आपोआप आटतो आणि नफा डिस्टिलरीच्या वहीत जाऊन बसतो. व्याज भरणारा करदाता आणि ऊस घालणारा शेतकरी, दोघेही त्या वहीच्या बाहेर.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका दिवसात बंदी घातली, मग थोडी सैल केली, पुढल्या ऑगस्टमध्ये उठवली. कारखानदार ओरडले, आणि ते खरेच अडचणीत आले होते. त्या हंगामात आपल्याला काय ऐकू आले? ‘कारखाना अडचणीत आहे, शेतकऱ्यांनी समजून घ्यावे.’ २०२५ च्या हंगामाआधी उलटा प्रसंग आला. पूरग्रस्तांसाठी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी टनामागे रक्कम ठरली, शेतकऱ्यांत ओरड झाली, तेव्हा सरकारने खुलासा केला की हे शेतकऱ्याच्या बिलातून नाही, कारखान्याच्या नफ्यातून घेणार. म्हणजे नफा आहे! अडचण आपल्याला समजून घ्यायची, आणि नफ्याची बातमी आपल्याला खुलाशातून कळायची.

कोरडवाहूवाल्याचा वाटा

या पत्रिकेचे वाचक सगळे ऊसवाले नाहीत. बैठकीत मागच्या रांगेत बसणारा कोरडवाहू शेतकरी हे सगळे ऐकताना मनात काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे. ‘पाणी तुम्हाला, धरण तुम्हाला, कारखान्याला हमी तुम्हाला, आणि रडायचे पण तुम्हीच.’ त्याचे खरे आहे. राज्यातल्या पेरणीच्या मानाने उसाचे क्षेत्र चिमूटभर आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा ओंजळभर. धरणे बांधली सगळ्यांच्या करातून. उजनीत ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या कितीजणांच्या वाट्याला त्या पाण्यावरचा ऊस आला?

तेव्हा ‘शासनाचे भागभांडवल आता आमचेच’ असे ऊस उत्पादकाने म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते काही मित्रांना आवडणार नाही. शासनाचे ३० टक्के हे सगळ्या जनतेचे. कारखाना ते फेडत असेल किंवा विकताना त्याची किंमत वसूल होत असेल, तर तो पैसा नव्या कारखान्याच्या हमीत किंवा पुन्हा त्याच आजारी कारखान्याच्या कर्जात न जाता पाझर तलावाला, विहिरीला, कोरडवाहू संशोधनाला गेला पाहिजे. २०२४ मध्ये राज्य सरकारने पुन्हा काही निवडक कारखान्यांना राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जासाठी हमी दिली. कोणाला मिळाली, कोणाला नाही, यावर पेपर रंगले. ज्वारीवाल्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे: ही माझी हमी आहे, बुडाली तर मी भरणार, मग तरली तर मला काय?

सरकारने बाजूला व्हावे, पण हिशोब देऊन

आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, सरकारला यातून काढा, सगळे आपोआप सरळ होईल. मूळ विचाराशी मी सहमत आहे. साखरेवरची लेव्ही २०१३ मध्ये गेली, बरे झाले. झोनबंदी गेली, बरे झाले. दोन कारखान्यांत महाराष्ट्रात २५ किलोमीटरचे हवाई अंतर हवे हा नियम अजून गळ्यात आहे, तो जायलाच हवा. केंद्राचा नियम १५ किलोमीटरचा, आपण २०११ मध्ये तो वाढवून घेतला. हे अंतर म्हणजे कारखानदाराला फुकट दिलेली मक्तेदारी. त्याची किंमत आपण टनामागे मोजतो.

पण हिशोब न करता सरकार बाजूला झाले तर काय होते? जो आत आहे तो आतच राहतो, आणि आत जाताना कुणाचा पैसा वापरला हे विचारणारा कुणी उरत नाही. वाटणी करताना भाऊबंद आधी घरातली भांडी, जनावरे, देणे-घेणे कागदावर मांडतात, पंच बोलावतात, मगच चूल वेगळी होते. आधी एकाने गोठ्याला कुलूप लावले आणि मग म्हणाला, चला आता आपण स्वतंत्र, तर त्याला वाटणी म्हणत नाहीत.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत माझा ठराव असा राहील. आजवर कापलेली प्रत्येक बिनपरतीची ठेव सभासदाच्या नावावर भाग म्हणून चढवावी, आणि कारखाना विकला, भाड्याने दिला किंवा भागीदारीत दिला तर तारण कर्जानंतर तिचा हक्क धरावा. स्वतःच्या डिस्टिलरीला दिलेल्या मळीचा भाव बाहेरच्या विक्रीच्या भावाने धरावा, आणि ज्या डिस्टिलरीचे व्याज केंद्राने भरले तिच्या नफ्याचा हिशोब ऊस दराच्या सूत्रात यावा. उताऱ्याचा पाया सरकवायचा असेल तर आधीच्या सूत्राने किती मिळत होते ते त्याच अधिसूचनेत छापावे. शासनाने नवी हमी देताना भागभांडवलाच्या परतफेडीची तारीख आणि तो पैसा कुठे जाणार हे जाहीर करावे. ठरावावर कोरडवाहू शेतकऱ्यांची दुरुस्ती येणार असेल तर मी ती आनंदाने घेईन.

ठराव मांडायला पुरावा लागतो. सहकारी कारखान्याच्या सभासदाला १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे कारखान्याची ठरावीक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. सभेच्या आधी लेखी अर्ज द्या: माझ्या नावाने आजवर कोणत्या शीर्षकाखाली किती रक्कम कापली, त्यातली किती परत केली, किती भागभांडवलात चढवली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का घ्या. लिलावात गेलेल्या कारखान्याचे जुने सभासद असाल तर घरातली ट्रंक उघडा. वडिलांच्या, आजोबांच्या नावाची शेअर सर्टिफिकिटे, जुनी बिले, ठेवीच्या पावत्या सापडतील तेवढ्या काढा आणि झेरॉक्स करून आणा. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, अगदी माझ्यासुद्धा. तालुक्यावार यादी करण्याचे काम बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारपासून सुरू करू. ज्यांच्या कारखान्यावर आता कंपनीची पाटी आहे, त्यांनी जरूर यावे.